मदत हवी आहे: उंच कॅक्टस बुडातून तपकिरी पडतोय

हिरवागार: पाच फुटी, खांबासारखा सरळ कॅक्टस. बुडाशी तपकिरी डाग, आठवड्यात वीतभर चढला. जात कोणती आणि वाचवू कसा? लवकर सांगा.

काटेकोर: खोडावर उभ्या धारा किती? काटे झुपक्यात की जोडीजोडीने? माती, पाणी? वरच्या भागात टाचणी टोचा. दुधासारखा चीक आला तर तो कॅक्टस नाही, युफोर्बिया, म्हणजे कॅक्टससारखं दिसणारं वेगळ्या कुळातलं झाड. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

हिरवागार: चीक नाही. सहा धारा, काटे झुपक्यात, काट्यांच्या बुडाशी करडी लोकर. नर्सरीतलंच कोकोपीट. पाणी रोज, सगळ्या कुंड्यांना घालतो तसं.

कुंडीवाला: कापाकापी नको. जुनं खोड तपकिरी होतंच, लाकूड धरतं.

काटेकोर: लाकूड धरलेलं खोड कडक, कोरडं असतं आणि आठवड्यात वीतभर चढत नाही. दाबून बघा.

हिरवागार: बोट रुततंय. वासही येतोय.

काटेकोर: मग कूज आहे, आजच कापा. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने मऊ भागाच्या वर काप घ्या. मधल्या कड्यात एक जरी तपकिरी ठिपका दिसला तर सुरी पुन्हा पुसून दोन इंच वर कापा. चकती पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग धारांच्या कडा तिरप्या तासा. सुकताना मधला भाग आत ओढला जातो आणि मुळं तिथूनच फुटतात.

रातराणी: ब्रह्मकमळाला कळ्या हव्या असतील तर शेणखत घाला.

मातीकाम: तोही कॅक्टसच, पण झाडावर वाढणारा. त्याला सावली, खत मानवतं. इथे शेणखत घातलंत तर उरलेलाही कुजेल. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग माती. कोकोपीट अजिबात नको, आतून ओलं राहतं.

कुंडीवाला: थोडं चालतं की.

मातीकाम: पावसाळ्यात नाही.

काटेकोर: जात बहुधा सेरियस हिल्डमॅनियानस. नर्सरीत 'पेरूवियानस' (म्हणजे पेरू देशाचा) म्हणून मिळतो, पण मूळचा ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनाकडचा. पांढरी फुलं रात्री उमलतात. फूल न बघता खात्री देता येत नाही.

हिरवागार: कापला. चौदा इंचांवर चकती स्वच्छ निघाली. वरचा तुकडा आडवा ठेवू?

काटेकोर: उभाच, सावलीत, भिंतीला टेकवून. आडवा ठेवला तर शेंडा वाकतो, कुशीतूनही मुळं फुटतात. कापलेला भाग टणक व्हायला तीन-चार आठवडे जातील. मग कोरड्या मिश्रणात तीन इंच खोल, दोन काठ्यांना बांधून लावा. पहिलं पाणी आठवड्याने.