भात कडकडीत गरम केला तरी उलट्या कशा?

मेसवाली, टिळकवाडी:
कॉलेजच्या पोरांची मेस आहे माझी. रात्रीचा उरलेला भात टोपातच झाकून ओट्यावर ठेवते, सकाळी फोडणीला घालते. परवा तो खाऊन तासा-दोन तासांत दोघांना उलट्या. वास नव्हता, तार नव्हती, चांगली वाफ येईतो परतलेला. टोपही उकळतं पाणी ओतूनच धुते. मग जंतू राहिले कुठं? सांगा की ओ कुणीतरी.

निपाणीकर (डेअरी लॅब, निवृत्त):
वहिनी, आधी पोरांना डॉक्टरांकडं दाखवा. माझा संशय बॅसिलस सेरियसवर. हा मातीतला जंतू, तांदळाबरोबर घरात येतो आणि बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं रूप, करून बसतो. त्याच्या गाभ्यात पाणी अगदी कमी, कॅल्शियम नि डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं. म्हणून भात शिजतो, हा शिजत नाही. उलट त्या उष्णतेनं जागा होतो.

टोपाची गोष्ट वेगळी. ती बीजाणूच्या सगळ्यांत बाहेरच्या थराची. एक्झोस्पोरियम म्हणतात त्याला, सैल पिशवीसारखा, वर प्रथिनांची बारीक लव. पाण्याशी त्याचं जमत नाही, स्टीलला मात्र घट्ट बिलगतो. दुधाच्या पाइपांत आम्हाला हाच ताप. पाश्चरायझेशनचे 72 अंश, 15 सेकंद हे बीजाणू जुमानत नाहीत. गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवा, मग नायट्रिक आम्ल, तरी सांध्यातल्या रबरी वॉशरखाली थोडे उरायचेच. मी वॉशर काढून बघायला लावायचो, ऑपरेटर करवादायचे. तुमच्या टोपाच्या वळलेल्या कडेखाली नख घालून बघा. वाळलेली पेज निघेल. ती घासल्याशिवाय जात नाही.

पोरांना बाधलं ते बहुतेक रात्रीतच तयार झालं. कोमट भातात जंतू वाढून सेरूलाइड नावाचं विष सोडतात. ते 121 अंशांवर दीड तास टिकतं, तिथं तुमची कढई काय करणार? उरलेला भात परातीत पातळ पसरून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये. नाहीतर 60 अंशांच्या वर गरमच ठेवा.

खानापूरचा गडी:
आमची आज्जी शिळा भात दह्यात कालवून खायची. काय झालं नाही कधी.

निपाणीकर:
रात्रीच कालवत असेल तर आंबटपणानं वाढ बरीच अडते. सकाळी कालवून उपयोग नाही, विष झालं असेल तर ते तसंच राहतं.

मेसवाली, टिळकवाडी:
टोपाला सॅनिटायझर मारला तर?

निपाणीकर:
अल्कोहोलनं बीजाणू मरत नाहीत, पैसे वाया. साबण लावून काथ्यानं घासा. तारेची घासणी नको, ओरखड्यांत हे आणखी दडतात.