अनुभव धागा: दारूच्या काउंटरवर फौजी ओळखपत्र आलं, तर वय कसं तपासता?

गोव्यात दारू घ्यायला २१ पूर्ण हवीत. वास्को-दाबोळी, बांबोळी, वेरे या बाजूला काउंटरवर फौजी कार्ड सर्रास पुढे येतं. बार-दुकानवाले आणि फौजेतले, दोघांनीही लिहा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

वास्को_काउंटर
वर्दीत आहे म्हणजे २१ चा झाला, हा पहिला गैरसमज. अग्निवीर साडेसतराव्या वर्षीही भरती होतो. म्हणजे कार्ड अस्सल, माणूस अस्सल आणि वय एकोणीस, असं अगदी सहज होतं. कार्डावरून नोकरी कळते, वय जन्मतारखेवरूनच.

आमच्याकडे रोज सकाळी बरोबर २१ वर्षांपूर्वीची तारीख पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागे लावतात. कार्डावरची जन्मतारीख त्या दिवसाची किंवा आधीची असेल तर द्यायचं, एक दिवसही नंतरची असेल तर नाही. गर्दीत डोक्यात वजाबाकी करायला गेलं की नेमका महिना चुकतो. वर्ष बरोबर येतं, पण वाढदिवस अजून दोन महिन्यांवर असतो.

बागा_बारमन
कार्ड पाकिटाच्या प्लॅस्टिकमधून बाहेर काढायला लावा. आतल्या आत दाखवलं की कडा दिसत नाहीत, आणि खाडाखोड कडेलाच कळते. आधी फोटो, मग जन्मतारीख, मग मुदत. शंका आली तर जन्मसाल विचारू नका, ते पाठ केलेलं असतं. दहावी कुठल्या साली झाली ते विचारा. खोटं बोलणारा तिथे हिशेब करायला लागतो.

निवृत्त_नौसैनिक
दुकानदारांना एक कळकळीची विनंती. कार्ड बघा आणि लगेच परत द्या. गहाण ठेवू नका, झेरॉक्स काढू नका, मोबाइलवर फोटो तर मुळीच नको. हरवलं तर त्या जवानाला पोलिसांत तक्रार द्यावी लागते, वर युनिटमध्ये चौकशी होते. सेकंडहँड वस्तूंच्या साइटवर ‘मी फौजी, बदली झाली, गाडी विकायचीय’ म्हणणारे भामटे असलेच फोटो वापरतात.

जवानांनाही सांगतो, बाजारात ड्रायव्हिंग लायसन्स दाखवा. डिजिलॉकरमधलंही चालतं. फौजी कार्ड गेटसाठी असतं, बिअरसाठी नाही.

डिचोलीकर
आधारात एक खोच आहे. बऱ्याच जुन्या कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे. त्या सालाने यंदाच २१ पूर्ण होत असतील, तर वाढदिवस होऊन गेला की नाही ते कळतच नाही. तिथे लायसन्स किंवा पासपोर्ट मागा.

पणजी_पेग
फौजी कॅन्टीनमधून दारू घ्यायचं स्मार्ट कार्ड दाखवलं तर चालेल का?

वास्को_काउंटर
@पणजी_पेग नाही. ते कोट्यासाठी आहे, वयाचा दाखला नव्हे. एनसीसीचं कार्डही तसंच, कॅडेट फौजी नसतो. आणि आश्रिताच्या कार्डावर जन्मतारीख कोणाची आहे ते नीट वाचा. बापाची वाचून पोराला बाटली दिली, तर अबकारीवाले लायसन्स बापाचं नाही, तुमचं बघतात.

घोळक्याचंही तेच. कार्ड एकाचं, पिणारे चौघे. टेबलावर प्रत्येकाचं वेगळं बघा.

बागा_बारमन
मुरगावला परदेशी जहाज आलं की अमेरिकन नौदलाची कार्डं येतात. पुढच्या बाजूला ठळक दिसते ती मुदतीची तारीख, जन्मतारीख मागे असते. क्रमही वेगळा: आधी वर्ष, मग महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, शेवटी दिवस. नवा पोरगा पुढची तारीख वाचून गोंधळतो. सरळ पासपोर्ट मागितलेला बरा.

निवृत्त_नौसैनिक
बनावट कार्ड घेऊन येणाऱ्यांना बहुतेक वाटतं, फार तर बाटली मिळणार नाही. पण प्रतिबंधित जागेत शिरायला किंवा देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने फौजी पासात फेरफार केला, तर ते १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टच्या कलम ६ मध्ये येतं, तीन वर्षांपर्यंत कैद. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने आपलं खरं कार्ड दुसऱ्याला देणाराही त्याच कलमात अडकू शकतो. कार्ड नकली वाटलं तर काउंटरवर वाद घालत बसू नका, हिसकावू तर नकाच. विक्री नाकारा आणि पोलिसांना कळवा.

सावंतवाडी_अपडाउन
पलीकडे जाणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ लागतात, वर परमिट. गोव्यातली बाटली गाडीत असली तर सीमेजवळच्या इन्सुलीच्या अबकारी नाक्यावर फौजी कार्ड काढून उपयोग नाही. तिथे वय कोणी विचारत नाही, बाटली कुठली ते विचारतात.