टर्नवर फ्लश ड्रॉ: पॉट ऑड्स बसत नसतील तर फोल्डच ना?

किलवर_गुलाम:
पोकर, नो लिमिट होल्डेम: हातात दोन पानं, बोर्डवर सगळ्यांची मिळून पाच (फ्लॉपला तीन, टर्नला चौथं, रिव्हरला पाचवं), बेट कितीही. एकाच चिन्हाची पाच पानं म्हणजे फ्लश; चार असून पाचव्याची वाट पाहणं म्हणजे फ्लश ड्रॉ. टर्नपर्यंत बोर्डवर इस्पिक राजा, इस्पिक ९, चौकट ४, किलवर दुर्री. हातात इस्पिक ७ आणि ६. पॉट (मधली जमा रक्कम) १,०००, समोरच्याने ५०० लावले. कॉल केला (तेवढेच भरले) तर पॉट २,००० होतो, त्यात आपले ५००, म्हणजे २५ टक्के वेळा तरी जिंकायला हवं; हेच पॉट ऑड्स. (१,५०० ला ५०० हे ३ ला १, म्हणजे ३३ टक्के, असं धरणारे अजून भेटतात. आपली भर मिळवून भागा.) न दिसलेली पानं ४६, त्यात इस्पिकची पानं ९. झाले १९.६ टक्के. विषय संपला, फोल्ड (पानं टाका)! तरी 'लागलं तर रिव्हरवर काढू की' म्हणत कॉल मारणारे असतातच. इम्प्लाइड ऑड्स, म्हणजे पुढच्या बेटमधून निघतील ते पैसे, यांच्या नावाखाली निम्मे वाईट कॉल खपवले जातात.

शेवटचं_पान:
असहमत. 'काढू की' म्हणजे किती, ते मोजता येतं. ४६ पैकी ३७ वेळा ५०० गेले: १८,५००. ९ वेळा १,५०० आले: १३,५००. तूट ५,०००, भागिले ९. म्हणजे फ्लश लागल्यावर सरासरी ५५६ जादा निघाले की बरोबरी. तेव्हा पॉट २,००० असतो, म्हणजे पाव पॉटाहून थोडीच मोठी बेट. समोरच्याकडे ३,००० शिल्लक असतील तर हे अशक्य कसं? ३०० च उरले असतील तर मीही फोल्ड करेन.

किलवर_गुलाम:
सरासरी! तिसरं इस्पिक पडलेलं आंधळ्यालाही दिसतं. राजाची जोडी धरून बसलेला निम्म्या वेळा पानं टाकणार, मग उरलेल्या वेळी १,१०० हून जास्त काढावे लागतील. आणि जो खुशीने भरतो, त्याच्याकडे मोठा फ्लश नसेल कशावरून? तुमचा फ्लश राजाचा दिसत असला तरी तो राजा बोर्डवरचा, सगळ्यांचाच. तुमचं स्वतःचं मोठं पान ७.

कोरा_पत्ता:
मुळात ९ आउट्स (आपल्याला जिंकवणारी पानं) कुठून आले? समोर सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तसंच तिसरं पान) असेल तर इस्पिक ४ आणि इस्पिक दुर्रीने बोर्डवर जोडी होते: तुमचा फ्लश, त्याचं फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशहून वरचढ), ४ चाच सेट असेल तर कदाचित चारही सारखी. उरली ७ पानं, १५.२ टक्के. त्याच पद्धतीने ५५६ चे थेट १,२८६ होतात. शिवाय त्या दोन पानांवर रिव्हरची बेटही तुमच्याच खिशातून जाते.

शेवटचं_पान:
सेट दर वेळी नसतो हो. ८ आउट्स धरा, ८७५ लागतील. टॉप पेअर (इथे राजाची जोडी) न सोडणाऱ्यापुढे कॉल, सावध खेळाडूपुढे फोल्ड. आणि हातात इस्पिक ७ ऐवजी इस्पिक एक्का असता तर? समोर राजाची जोडी असेल तर बाकीचे तीन एक्केही चालतात: १२ आउट्स, २६.१ टक्के. तिथे नुसते पॉट ऑड्सच कॉल सांगतात.

नवा_भिडू:
पण फ्लॉपवर, दोन पानं यायची असताना, आउट्स गुणिले ४ या ढोबळ हिशोबाने ९ गुणिले ४, ३६ टक्के. मग अर्ध्या पॉटाला डोळे झाकून कॉल ना?

कोरा_पत्ता:
ऑल-इन (सगळे पैसे आत) असेल तरच (नेमका आकडा ३५). नाहीतर टर्नवर पुन्हा बेट येते आणि दुसरं पान फुकट मिळत नाही. एका पानाचे १९.१ टक्केच धरा.

किलवर_गुलाम:
रेक (खेळ चालवणाऱ्याची कपात) कोणीच धरला नाही. २,००० तून १०० कापले तर २५ चे २६.३ होतात. तुमचा १२ आउट्सचा कॉलही गेला.

शेवटचं_पान:
२६.१ ला २६.३! रिव्हरवर ५० काढले तरी भरून निघतं. एवढ्यासाठी एक्क्याचा ड्रॉ सोडायचा?