अंतर्मुखांना म्हणे आतूनच जोर येतो

घाटवेडा: "अंतर्मुखाला आतून जोर येतो, बहिर्मुखाला टाळ्या लागतात, तेव्हा टाइप ओळखून ट्रेनिंग करा" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मी पक्का घुम्या. सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरच्या चढावर आत काडीचा जोर नव्हता. पोटऱ्या दगड झालेल्या, तोंडात इलेक्ट्रॉलची खारट चव. ढोलवाल्या पोरांतलं एक ओरडलं, "काका, चालू नका, पुढं फोटोवाला आहे!" पळालो की! आता माझा टाइप कुठला?

सोळा_आणे: एका किश्शाने सिद्धांत उडत नाही. आमचे हे टोळी जमल्याशिवाय बूट घालत नाहीत, मी पहाटे एकटी सिंहगड करते. फरक डोळ्यांना दिसतो.

शंकेखोर: पहाटे उठणं वेगळं, दम संपल्यावर टिकणं वेगळं. उठण्यात स्वभाव असेलही. टिकायला मात्र शिकवता येतं. २०१४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात दमेपर्यंत सायकल मारायला लावली होती. स्वतःला धीर देणारी वाक्यं बोलायचा सराव केलेले लोक नंतर १८ टक्के जास्त टिकले. जेमतेम २४ जण होते, हेही सांगतो. तुमची ती टाइप ठरवणारी चार अक्षरांची चाचणी (MBTI) मात्र दोन मायलेकींनी बनवली, मानसशास्त्राचं शिक्षण एकीचंही नाही.

सोळा_आणे: बापलेकांनी बनवली असती तर चालली असती का?

शंकेखोर: मुद्दा शिक्षणाचा आहे हो, बाईमाणसाचा नाही!

आतकरवाडी: सिंहगड निघालाच आहे तर विचारतो. कमरेला स्पीकर लटकवून चढणाऱ्यांचा टाइप कोणता? ताकवाल्या मावशींना गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही.

डीजे_पायवाट: स्पीकरवाला मीच. इयरफोन घामाने निसटतात. गाणं थांबलं की धाप ऐकू येते आणि मी बसतो.

आतकरवाडी: मग बसा! गड पळून चाललाय का?

घाटवेडा: अहो, धागा माझा आहे...

डीजे_पायवाट: गड काय तुमच्या नावावर आहे?

आतकरवाडी: नाही, तुमच्या डीजेच्या नावावर आहे. सातबारा दाखवा.

सोळा_आणे: शंकेखोर, तुमचे १८ टक्के घेतले पदरात. मी चढताना स्वतःला शिव्या घालते, ते धरायचं का?

शंकेखोर: वाक्यं धीराची होती म्हटलं ना. पण चढताय ना? घाला.

डीजे_पायवाट: बरं, रविवारी आवाज कमी ठेवतो. बंद नाही.

आतकरवाडी: उपकार झाले. किती वाजता चढणार तेवढं सांगा, मी कल्याण दरवाज्याने उतरेन.