विषय: इझारकाठची वाट ज्येष्ठांना झेपेल का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील पुढील महिन्यात म्युनिकला येत आहेत. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने चढ-उतार त्यांना जमत नाही. सपाट वाटेवर मात्र ते सावकाश तासभर चालतात. त्यांना इझार नदीच्या काठाने फिरवून आणण्याचा विचार आहे. परंतु तेथे सायकलींची इतकी वर्दळ असते की पायी चालणाऱ्याला सारखे अंग चोरावे लागते, असे एका स्नेह्यांकडून ऐकले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

---

नमस्कार ताई,

अवश्य न्यावे. यू-३ या भुयारी रेल्वेने टालकिर्शेनला उतरून प्राणिसंग्रहालयाकडे निघालेल्या गर्दीबरोबर पुलापर्यंत जावे. मात्र पूल न ओलांडता अलीकडच्याच काठाने, प्रवाहाच्या दिशेने शहराकडे वळावे. तेथून रायशेनबाख पुलापर्यंत सुमारे चार किलोमीटरची वाट जवळजवळ सपाट आहे आणि पुढे फ्राउनहोफरश्ट्रासे स्थानक लागते. वडिलांना एवढे अंतर जड वाटेल, म्हणून निम्म्याच्या आत येणाऱ्या ब्रूडरम्यूल पुलापाशीच थांबावे, कारण तेथून थोड्या अंतरावर पुन्हा यू-३ मिळते आणि आल्या वाटेने परत चालावे लागत नाही.

सायकलींविषयी आपल्या स्नेह्यांनी सांगितले ते अगदीच खोटे नाही. नदीच्या उगमापासून डॅन्यूबपर्यंत जाणारा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग म्युनिकमध्ये इझारच्या काठानेच जातो, शिवाय कामावर जाणारेही याच वाटेने सुसाट जातात. त्यामुळे निळ्या गोल फलकांकडे लक्ष असू द्यावे. फलकावर वर माणसे, खाली सायकल आणि मध्ये आडवी रेघ असेल तर ती वाट दोघांचीही असते व सायकलस्वाराने पादचाऱ्याला सांभाळून घ्यायचे असते. रेघ उभी असेल तर दोघांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. नुसतीच सायकल असेल तर तेथे आपण चालायचे नाही, मग वाट कितीही गुळगुळीत असो.

खरी फजिती होते ती घंटी वाजल्यावर. आपली माणसे गप्पा मारत शेजारी-शेजारी चालत असतात. मागून टिंग ऐकू येताच आई डावीकडे सरकते, वडील उजवीकडे, मग एकमेकांना हाक मारत दोघेही पुन्हा मध्ये येतात आणि सायकलस्वार करकचून ब्रेक दाबतो. मुळात उजव्या कडेने एकामागोमाग चालावे आणि घंटी वाजली तरी जागा बदलू नये, हे दोघांना घरूनच सांगून ठेवावे. आपण सरळ रेषेत चालत राहिलो की मागचा माणूस बिनबोभाट पुढे निघून जातो.

वाटेत फ्लाउखरचा गोट्यांचा विस्तीर्ण पट्टा लागतो. या भागात सिमेंट-दगडाच्या बांधांत कोंडलेली नदी २००० ते २०११ या काळात सुमारे आठ किलोमीटर लांबीत मोकळी करण्यात आली. काठ रुंद आणि उतरते झाले, आणि पुराच्या पाण्यालाही पसरायला जागा मिळाली. पाहण्यासारखी जागा आहे, पण ती वाटेवरूनच पाहावी; गोट्यांवर पाय मुरगळायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट जरा संकोचाने लिहितो: उन्हाच्या दिवसांत तेथे काही मंडळी विवस्त्र ऊन खात पडलेली असतात. ते येथे रीतसर चालते, तेव्हा आई-वडिलांना आधीच कल्पना दिलेली बरी.

आपला,
एक जुना सभासद

---

नमस्कार,

वरील पत्राशी सहमत आहे, फक्त वेळेविषयी थोडी भर घालतो. उन्हाळ्यातील रविवारची दुपार टाळावी. कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर निघून तीनच्या आत परतल्यास कार्यालयात जाणाऱ्या-येणाऱ्या सायकलींची गर्दी लागत नाही. इझार आल्प्समधून येते. त्यामुळे म्युनिकमध्ये लख्ख ऊन असले तरी डोंगरात मोठा पाऊस झाला की येथे पाणी चढते आणि गढूळ होते. तसे दिसल्यास पाण्यालगतच्या कच्च्या पाऊलवाटेवर न उतरता बांधावरूनच चालावे.

आपला,
एक सभासद