ग्रीक बेटांची क्रूझ: गुडघेदुखीवाल्यांना अवशेष झेपतील का?

राजारामपुरीकर: सप्टेंबरात आई-बाबांसोबत क्रूझ ठरलीय. मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स, मधे एक दिवस तुर्कस्तानातलं कुशादासी. बाबांचे गुडघे दुखतात. काय बघावं, काय सोडावं?

रंकाळाकाठ: आधी व्हिसा. कुशादासी शेंगेनबाहेर (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे ग्रीससह युरोपातले देश), म्हणून मल्टिपल एंट्रीच मागा. सिंगल असला तर परत ग्रीसमध्ये शिरताना अडकाल. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा.

सँटोरिनीला जहाज पाण्यातच थांबतं, छोट्या बोटीनं फिरा या मुख्य गावाखालच्या जुन्या बंदरात सोडतात. वर जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या. रांग परतताना जास्त वाढते, तेव्हा दीड तास हातात ठेवा. स्वतःच्या टॅक्सीनं फिरून उशीर झाला तर जहाज थांबत नाही. बाबांना अक्रोतिरी दाखवा: राखेत गाडलं गेलेलं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव, वर अख्खं छप्पर.

पेठेतला: डेलॉस विसरू नका, प्राचीन अवशेषांचं बेट आहे. मिकोनोसहून बोटीनं साधारण अर्धा तास. सावली जवळपास नाही, माणशी दीड लिटर पाणी घ्या. उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात सुटला की बोटी रद्द होतात.

लिंडोस, म्हणजे खाली गाव नि वर टेकडीवर प्राचीन अवशेष, मात्र बाबांना जड. ऱ्होड्स शहरापासून ५० किलोमीटर, वर सगळा चढ. आणि भावा, कोल्हापुरी घालून जाऊ नकोस! घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर चामड्याचा तळ सटकतो. रबरी तळाचे बूटच बरे.

राजारामपुरीकर: मग बाबा खाली गावात थांबले तर?

पेठेतला: चालेल की. पांढऱ्या घरांच्या गल्ल्या, दगडगोट्यांची नक्षी असलेली अंगणं खालीच आहेत.