एकटीने स्टीव्हन्सन धबधबा, एका दिवसात: ब्लॅक स्परच्या घाटाचं काय करू?

टार्नीटची_नाशिककर

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी मला सुट्टी आहे. नवरा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेलाय, लेक शाळेच्या कॅम्पला. घर रिकामं. मेलबर्नला येऊन सहा वर्षं झाली, लायसन्स चार वर्षांपूर्वी काढलं, पण एकटीने गाडी नेलीये ती ऑफिसला, स्टेशनला आणि वेरिबीपर्यंत. बाकी कुठेही जायचं असलं की स्टिअरिंग नवऱ्याकडे आणि चिवड्याचा डबा माझ्याकडे.

मेरीसव्हिलचा स्टीव्हन्सन धबधबा बघायची फार इच्छा आहे. अडचण एकच, हील्सव्हिलच्या पुढचा ब्लॅक स्पर. व्हिडिओ बघून पोटात गोळा आला. वळणांची भीती नाही वाटत हो, मागे गाडी चिकटली की माझे हात घामेजतात. बाबांच्या शेजारी बसून कसारा घाट शंभर वेळा पाहिलाय, चालवला एकदाही नाही.

जुलै संपत आलाय, तर बर्फ असेल का? टायरला साखळ्या लागतात का? धबधब्यावर रात्री दिवे लावतात म्हणे, त्यासाठी थांबावं का? आणि एकट्या बाईने जाण्यासारखं आहे ना? नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

बर्विकवाला

बिनधास्त जा! लिलीडेलला पेट्रोल भरा, पुढे मरूंडा हायवे सरळ नेतो. साखळ्या फक्त लेक माउंटनला, बर्फाच्या मोसमात. मेरीसव्हिलपर्यंत काही लागत नाही. येताना त्याच रस्त्याने काय यायचं, रीफ्टन स्परवरून वॉरबर्टनला उतरा. एक नंबर रस्ता आहे.

जुनी_कोरोला

बर्विकवाले, तुमचा उत्साह मान्य, पण ज्या बाईला ब्लॅक स्परची धास्ती आहे तिला रीफ्टन स्पर सुचवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला गोदावरीच्या पुरात ढकलणं. तो बाइकवाल्यांचा लाडका रस्ता आहे, वळणांवर वळणं. ताई, मॅपने तो दाखवला तरी घेऊ नका. गेलात तशाच या.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मागे चिकटणारी गाडी. ब्लॅक स्परवर हळू गाड्यांना बाजूला व्हायला जागा ठेवल्या आहेत, आधी पाटी येते. डावा इंडिकेटर द्या, आत शिरा, जाऊ द्या त्याला. बस. ती जागा येईपर्यंत तो मागे कितीही तडफडला तरी तुम्ही आपल्या वेगाने चाला. पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढ्याने चालवलंच पाहिजे असं नाही. माझ्या नवऱ्याला हे पटवायला मला वीस वर्षं लागली.

घाट सुरू होण्याआधी फर्नशॉला थांबा. बाकडी आहेत, स्वच्छतागृह आहे. तिथे पूर्वी गाव होतं. मेलबर्नला जाणारं पाणी स्वच्छ राहावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने अख्खं गाव उठवलं. आपल्याकडे धरणात गावं बुडतात, इथे पाण्याच्या वरच्या अंगाला होतं म्हणून गेलं. आजही आसपासच्या पाणलोटाच्या जंगलात पाय ठेवायला मनाई आहे, तेव्हा फोटोसाठी कुंपण ओलांडू नका.

पुढे घाटात उंच झाडं सुरू होतात. माउंटन अ‍ॅश, निलगिरीचीच एक जात. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी एक. खाली माणसापेक्षा उंच नेचे आणि वर सरळसोट पांढरट खोडं, साल लांबलचक पट्ट्यांनी लोंबत असते. यातली बरीचशी 1939च्या वणव्यानंतर उगवलेली आहेत. बहुतेक निलगिऱ्या जळाल्या तरी खोडातून फुटतात, ही मोठ्या आगीत मरून जाते आणि राखेत बी पडून पुन्हा उगवते. नवं रोप बी धरण्याजोगं व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर तिथलं जंगल संपलं.

हे सांगायचं कारण, मेरीसव्हिल. 7 फेब्रुवारी 2009. ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्या दिवसाला. राज्यभरात 173 माणसं गेली आणि हे गाव जवळजवळ सगळं जळालं. मुख्य रस्त्यावर वाचलेल्या मोजक्या इमारतींत बेकरी होती. मी त्यानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा गेले, तेव्हा डोंगर काळ्या काड्यांचा दिसत होता. आता खाली गच्च हिरवं आणि मधूनमधून पांढरी मेलेली खोडं उभी. गावातली घरं इतकी नवी का, हा प्रश्न तिथल्या कुणाला सहज म्हणून विचारू नका. मी विचारला होता. अजून लाज वाटते.

दिव्यांचं म्हणाल तर, पहिल्या खेपेला नको. धबधब्याच्याच पाण्यावर छोटं टर्बाइन फिरतं आणि त्या विजेवर दिवे लागतात, बघण्यासारखंच आहे. मी थांबले होते. परतताना नार्बेथॉंगच्या अलीकडे रस्त्यात मोठा काळा दगड दिसला. ब्रेक दाबला. दगड चालायला लागला! वॉम्बॅट, इथला बुटका जंगली प्राणी. पंचवीस-तीस किलोचा ऐवज, आपल्याच बापाचा रस्ता असल्यासारखा सावकाश पलीकडे गेला. मी कडेला गाडी लावून थर्मासमधला चहा ओतायला गेले तर अर्धा मांडीवर. फोनला रेंज नाही. तेव्हा, आत्ता साडेपाचच्या आत अंधारतंय, तुम्ही साडेतीनला मेरीसव्हिल सोडा.

एकटीचं म्हणाल तर गाडीतळापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत दहा मिनिटांची सोपी वाट आहे, माणसं असतात. वर माथ्यावर चढणारी वाटही आहे, ती एकटीने आणि ओल्यात करू नका. रेंज जायच्या आधी मॅप उतरवून घ्या. आणि नवऱ्याला सांगा. परवानगीसाठी नव्हे. कुणाला तरी माहीत असावं, किती वाजता कुठून निघाली, म्हणून.

पाणीपुरी_बॅलरॅट

डबा न्या. तिकडे शाकाहारी म्हणजे चीज टोस्टी नाहीतर बटाट्याचे वेजेस. आणि बेकरीत व्हॅनिला स्लाइस घेण्याआधी त्यात जिलेटिन आहे का विचारा. मी तीन वर्षं आनंदाने खात होतो, मग बायकोने पाकिटावरचं वाचलं.

टार्नीटची_नाशिककर

जाऊन आले!! सगळ्यांचे आभार, खासकरून कोरोलाताईंचे.

सातला निघाले, रिंगरोडला नेहमीची बोंब, हील्सव्हिलला पोचायला साडेनऊ. फर्नशॉला थांबून पोळीभाजीचा एक रोल खाल्ला, खरं सांगायचं तर भूक नव्हती, धीर गोळा करत होते. घाटात चार वेळा बाजूला झाले. पहिल्यांदा एक पिकअपवाला, अगदी आरसा भरून दिसत होता. हात घामेजलेच. पण पाटी आली, इंडिकेटर दिला, तो गेला आणि जाताना खिडकीतून हात हलवून गेला. मला वाटलं होतं शिव्या देतोय. तिसऱ्या वेळी मागे कुणीच नव्हतं, तरी थांबले. काच खाली केली. एवढी शांतता की तापलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकू येत होती, आणि वरून झाडांवरचं धुकं थेंबाथेंबाने टपावर पडत होतं.

धबधबा 84 मीटरचा म्हणून वाचलं होतं, पण तो एका उडीत पडत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतो, जिन्यावरून पाणी सांडावं तसा. खाली नदीवर लोखंडी सज्जा आहे, तिथे उभं राहिलं की तुषारांनी चष्मा धुऊन निघतो. आपल्याकडच्या पावसाळी धबधब्यांना असते तशी गर्दी, कणसं, भिजलेली पोरं, यातलं काहीच नाही. एक आजोबा-आजी, दोन बॅकपॅकवाले आणि मी. पहिली पाच मिनिटं सारखी मान बाजूला वळत होती, “अगं बघ ना” म्हणायला. मग सवय झाली. पाऊण तास उभी होते.

परतीच्या वाटेवर झुडपात आधी एक पक्षी ओरडला, मग दुसरा, मग चाबकाचा फटकारा, मग कूकाबराचं हसणं. मी चार पक्षी शोधत राहिले. आजी म्हणाल्या, एकच आहे, लायरबर्ड, हिवाळ्यात नर असा सगळ्यांची नक्कल करत गातो. दिसला मात्र नाही. नेच्याची फांदी हलली तेवढीच.

बेकरीत जिलेटिनचं विचारलं. मुलगी आत जाऊन पाकीट घेऊन आली. होतं. स्कोन खाल्ला.

बरोबर तीन पस्तीसला निघाले. दिवे राहिले, वॉम्बॅटही राहिला. ब्लॅक स्पर उतरताना चढताना वाटला तेवढा लांब वाटला नाही, एक वळण मात्र मी दुसऱ्या गिअरवर ठेवून घेतलं आणि मागच्याने हॉर्न दिला. चूक माझीच.

घरी पोचल्यावर नवऱ्याला फोटो पाठवले. (हो ताई, आधीही सांगितलं होतं.) त्याचा पहिला प्रश्न, “गाडीला ओरखडा नाही ना?” नाही. मागच्या चाकांना चिखल आहे फक्त. तो परत येईपर्यंत मी तो धुणार नाहीये.